एका डाव्या पायाच्या शोधात

महाडमध्ये हाडांच्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचे. लोक त्याला एक्स-रे म्हणत नसत, फोटो म्हणत. त्यामुळे भाजीबाजारात, बँकेत, अगदी मुलीच्या शाळेतसुद्धा मी फोटोवाल्या बाई झाले होते. कामाचा निम्मा वेळ डार्करूममध्ये जायचा. लाल दिव्याच्या उजेडात फिल्म औषधाच्या टाकीत बुडवायची, हळूच हलवायची, थोड्या वेळानं वर उचलून बघायची. आधी काहीच नसतं. मग काळ्या पाण्यात कुणीतरी खालून वर यावं तसं एखादं हाड वर येतं. हे बघायची मला इतकी सवय झाली होती की बाहेरच्या उन्हात आल्यावर रस्त्यावरची माणसंच कधी कधी अर्धवट, अजून पुरती न उमटलेली वाटायची.

आमचे डॉक्टर तेव्हा साठीच्या पुढे गेले होते. तरुणपणी ते सैन्यात होते आणि लढाईच्या दिवसांत त्यांनी सरहद्दीजवळच्या तंबूत काम केलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. मशीन बिघडलं, वीज गेली, औषध संपलं, काहीही झालं तरी ते शांतपणे चष्मा पुसत आणि म्हणत, "तंबूत याहून वाईट होतं." एवढंच.

ज्या पावसाळ्यात आमच्या भागातले डोंगर खचले त्या पावसाळ्यातली ही गोष्ट आहे. आषाढ संपत आला होता. सावित्री नदीचं पाणी गावात शिरलं, दवाखान्याच्या तळमजल्यावर आलं आणि दोन दिवसांनी जाताना सगळीकडे चिखल ठेवून गेलं. छोटं पोर्टेबल मशीन आम्ही वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं म्हणून वाचलं. चिखल उपसत असतानाच बातम्या यायला लागल्या. कुठे रस्ता गेला, कुठे ओढ्यावरचा साकव गेला, कुठे अख्खं घर. पोलादपूरच्या बाजूला कापडे गावाच्याही वर, डोंगराच्या पोटात एक वाडी होती. तिचा खालचा अर्धा भाग दरडीखाली गेला होता. काही माणसं गेली होती. वाचलेली वरच्या अंगाला असलेल्या शाळेत राहत होती. त्यांच्यात कुणाचा खुबा मोडलेला, कुणाच्या बरगड्या, कुणाचे हात. ज्यांना झोळीतून आणता येत होतं त्यांना लोकांनी खाली आणलं होतं. पण नेमकं काय मोडलंय हे कळल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना त्या निसरड्या वाटेनं हिंदकळत आणणं डॉक्टरांना पटत नव्हतं.

"माणसं खाली येत नसतील तर मशीन वर जाईल," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत मास्तर, शाळा तर बंदच होती. त्यानं मुलीचं बघतो म्हणून सांगितलं आणि स्वतःचा लांब रेनकोट काढून दिला. तो मला पार घोट्यापर्यंत यायचा.

पोलादपूरपर्यंत जीप गेली. तिथे लग्नाचे मांडव घालणाऱ्या एका माणसानं त्याचा जनरेटर दिला. यंदा कुणाची लग्नं आहेत, असं म्हणत त्यानंच तो जीपमध्ये चढवला. कापड्याच्या पुढे थोडं गेल्यावर रस्ता होता तिथे रस्ता नव्हता. नुसती लाल माती आणि तिच्यात उलटं पडलेलं आंब्याचं झाड, मुळं वर करून. वाडीतली माणसं तिथे थांबली होती. त्यांनी मशीन गोधडीत आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, बांबूला बांधलं आणि खांद्यावर घेतलं. जनरेटर दुसऱ्या बांबूवर. फिल्मचे डबे मात्र मी कुणाला दिले नाहीत. ते पोटाशी धरून, वरून रेनकोट घालून मी चालत होते. एका बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, कितवा महिना? मी हसले आणि डबा दाखवला. तीही हसली. त्या वाटेवर ऐकलेलं ते पहिलं हसू.

धुकं इतकं होतं की पुढचा माणूस दिसायचा नाही. त्याच्या खांद्यावरचं मशीन मात्र दिसायचं, आपलं आपण हवेतून तरंगत निघाल्यासारखं. मधेच धुकं बाजूला झालं की खाली भाताची खाचरं दिसत. लावणी झालेली, हिरवीगार, काही घडलंच नाही अशी. एका खाचरात एक कपाट उभं होतं. लोखंडी, आरशाचं. दरडीनं कुणाच्या घरातून उचलून ते तिथे आणून सरळ उभं केलं होतं. आरशात नुसतं धुकं चालत होतं. आम्ही सगळे जवळून गेलो पण त्यात दिसलो नाही. मी मागं वळून पुन्हा बघितलं. अजूनही कधी कधी वाटतं, ते कपाट मी खरंच पाहिलं की चालता चालता डोळा लागला होता.

शाळा दोन खोल्यांची होती. मुलांच्या खिचडीचा तांदूळ ठेवायची एक कोठी होती, तिची मी डार्करूम केली. एकुलत्या एका खिडकीला काळं प्लास्टिक लावलं, वर गोधडी टांगली, फटींत चिंध्या कोंबल्या. दार लावून आत डोळे उघडे ठेवून बसून राहिले. अंधारात कुठे उजेडाची रेघ उरली आहे का ते असंच बघावं लागतं. तांदळाच्या पोत्यांचा वास, उंदरांची खुडबूड, कौलांवर पाऊस. इतका पक्का अंधार मला महाडच्या दवाखान्यातही कधी मिळाला नव्हता. ओढ्याचं पाणी गढूळ होतं म्हणून फिल्म धुवायला पागोळीचं पाणी बादल्यांत धरलं. फिल्म वाळायची मात्र पंचाईत. हवेतच एवढं पाणी होतं की काही केल्या वाळत नसत. शेवटी वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून मी त्या टांगल्या. पाढ्यांच्या आणि फळांच्या तक्त्यांसमोर गावाची हाडं ओळीनं लटकायला लागली.

लोकांना आधी भीती वाटली. मग एकेक जण जवळ यायला लागला. खिडकीतून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात त्या फिल्म हलत आणि मनगटं, गुडघे, बरगड्या हलल्यासारख्या वाटत. सगळ्यांचं सगळं मातीत गेलं होतं. धान्य, भांडी, कपडे, देव. आणि इथे त्यांच्या आतलं असं काहीतरी टांगलेलं होतं जे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एका म्हातारीचा खुबा मोडला होता. तिच्या मुलानं तिला फिल्म दाखवली तेव्हा ती म्हणाली की एवढं चांदीसारखं आपल्या आत होतं हे ठाऊकच नव्हतं. ज्याला काहीच लागलं नव्हतं असा एक माणूस माझाही फोटो काढा म्हणून मागं लागला. डॉक्टरांनी त्याला समजावलं की बरं असलेल्या माणसाचा काढत नाहीत. तो जरा हिरमुसला.

दुपारी ती आली. पंचविशीची असेल. उजवा हात ओढणीसारख्या फडक्यात गळ्यात बांधलेला. दरड आली तेव्हा गोठ्यातलं वासरू सोडवून पळताना ती पडली होती. मनगटाच्या वर हात सुजून टम्म झाला होता आणि त्या सुजेत हिरव्या काचेच्या बांगड्या रुतून बसल्या होत्या. बोटं निळसर पडायला लागली होती. बरोबर तिची सासू होती, वाळकी, ताठ, डोक्यावर पदर. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, बांगड्या काढाव्या लागतील. तिनं हात मागं घेतला.

"बांगड्या नाय काडनार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

मग तिच्या शेजारणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. हिचा नवरा दरडीच्या दिवशी पहाटे आंबेनळी घाटानं वर निघाला होता, पलीकडे महाबळेश्वरच्या बाजूला बहीण दिलीय, ती आजारी म्हणून. आणि त्याच दिवशी घाटही जागोजाग कोसळला. एखादी जीप खाली गेली म्हणतात, कुणी म्हणतात नाही गेली. त्याचा काहीच निरोप नाही. फोन सगळीकडे बंद. आणि अशात तिच्या हातातल्या बांगड्या कोण काढणार?

वाद घालण्यापेक्षा मी तसाच फोटो काढला. कोठीत फिल्म औषधातून वर उचलली तेव्हा आधी बांगड्याच आल्या. काच एक्स-रेत दिसते हे फार जणांना माहीत नसतं. एकावर एक फिकट गोल वलयं, पाण्यावर खडा टाकल्यावर उठतात तशी. आणि त्यांच्या आतून दोन हाडं, दोन्ही मोडून एकमेकांपासून सरकलेली. मी ती फिल्म उगाच जास्त वेळ हातात धरून उभी राहिले. वाटलं, ही मुलगी हात घेऊन बसलेली नाही, नवऱ्याला धरून बसली आहे.

डॉक्टरांनी ती ओली फिल्मच खिडकीशी धरून तिला दाखवली. हे हाड, हे दुसरं हाड, या बांगड्या. बांगड्यांच्या वर सूज, खाली रक्त जात नाही. असंच राहिलं तर हात वाचणार नाही. ते हळू बोलत होते, वर्गात मुलांना शिकवावं तसे. ती बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, "पायाचा पन असा दिसतो?"

मी हो म्हटलं.

"मोडून जुना झालेला?"

"तोही दिसतो. जुळलेली जागा कायम दिसते."

मग ती मोकळी झाल्यासारखी बोलायला लागली. नवरा लहान असताना जांभळाच्या झाडावरून पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. गावात बांधला तो जरा वाकडाच जुळला. चालताना पाऊल बाहेर पडतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या मावशीनं नाक मुरडलं होतं, पण हिला ते चालणं आवडलं होतं. हे तिनं सासूसमोरच सांगितलं. सासू दुसरीकडे बघत होती.

"तुमी सगल्यांचे फोटो काडता," ती म्हणाली. "महाडला, पोलादपूरला. आमचं मानूस लागून पडलेलं असंल कुठं, तोंडानं बोलता येत नसंल, तर कुनी कसा वळकायचा त्याला? तुमी वळकाल. तुमी बगाल का?"

मी म्हटलं, बघेन. डॉक्टरांकडे न बघताच म्हटलं.

तरी बांगड्या काढायला तिचा हात पुढे येईना. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली सासू खाली बसली. तिनं सुनेचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाली, "काडून टाक म्हनत नाय गो मी. या हातातून त्या हातात. घरातल्या घरात."

डॉक्टरांनी दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं. सासूनं सुनेच्या उजव्या पंज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली, वरून खोबरेल चोळलं, कासार करतो तसं. एकेक बांगडी मुठीवरून सरकायची आणि खाली न ठेवता, कुणाच्या हाती न देता, थेट डाव्या मनगटात जायची. कौलांवरचा पाऊस आणि काचेवर काच लागल्याचा आवाज. एक बांगडी मधेच तडकली. सासू म्हणाली, "वाढली," आणि तुकडे पदरात घेतले. शेवटची निघाली तेव्हा सुनेनं डोळे मिटले होते. डावा हात कोपराच्या दिशेनं हिरवागार भरून गेला होता. उजव्या हाताच्या बोटांत हळूहळू रंग आला. डॉक्टरांनी हाडं ओढून बसवली, प्लास्टर घातलं. मी पुन्हा फोटो काढला. या वेळी नुसती हाडं होती, बरोब्बर एका ओळीत. मला ती फिल्म पहिल्या फिल्मपेक्षा रिकामी वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली आलो. मशीन ताडपत्रीत बांधून शाळेतच ठेवलं, प्लास्टरं तपासायला पुन्हा वर यायचंच होतं.

आणि मग माझं ते शोधणं सुरू झालं. आमच्या दवाखान्यात रोज माणसं येत होती. नाते गावाहून, पोलादपूरकडून, कुठकुठून. बऱ्याच जणांना नाव-गाव सांगता येत होतं, सोबत कुणीतरी होतं, त्यांच्यात शोधायचं काही कारण नव्हतं. तरी प्रत्येक डावा पाय मी दिव्यासमोर जास्त वेळ धरायचे. नडगीवर कुठे जुनी गाठ आहे का, कुठे हाड चुकून वेगळ्या वाटेला लागल्यासारखं वळलंय का. लाल दिव्यात उभं राहून मी तो पाय मनातल्या मनात इतका काढला होता की प्रत्यक्ष फिल्मवर तो उमटलाच असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं. रस्त्यानं चालताना मी माणसांच्या तोंडाकडे न बघता पावलांकडे बघायला लागले. घरात नवरा चालायचा तेव्हाही. त्यानं एकदा विचारलं, माझ्या पायाला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, सरळ आहे. मला स्वप्नंही तसलीच पडायची. डोंगरउतारावर धुक्यात पांढरी हाडं सावकाश चालली आहेत, आवाज न करता, एकमेकांना वाट देत. त्या स्वप्नांची भीती वाटायची नाही. उलट जाग आल्यावर कुठल्यातरी चांगल्या गावाहून परत आल्यासारखं व्हायचं.

एक दिवस पोलादपूरला गेले, तिथल्या दवाखान्यात ओळखीचे एक एक्स-रे काढणारे गृहस्थ होते. त्यांना सगळी हकीगत सांगितली. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. मागच्या काही दिवसांच्या फिल्म काढून दिल्या आणि दोघंही खिडकीशी उभं राहून बघायला लागलो. मधेच ती फिल्म आली. गुडघ्याखाली दोन्ही हाडं जुनी मोडलेली, वाकडी जुळलेली, अगदी मी मनात काढली होती तशी. पण फिल्मवर डावा की उजवा ती खूण नव्हती. गडबडीत शिशाचं अक्षर ठेवायचं राहून गेलं होतं, त्या दिवसांत असं कुणाचंही होऊ शकलं असतं. फिल्म एका बाजूनं धरली की पाय डावा, उलटी धरली की उजवा. मी ती दोन-तीनदा उलटसुलट केली. मग त्या गृहस्थांनीच सांगितलं की हा माणूस अजून इथेच आहे, जाऊन बघा.

खाटेवर एक म्हातारा बसून बशीतून चहा पीत होता. पाय पांघरुणाबाहेर होता. उजवा. मी तिथेच स्टुलावर बसले. त्यानं विचारलं कुणाला बघताय, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. त्यानं चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"इथं नाय ना सापडला?" तो म्हणाला. "मग बरा हाय. इथं नाय म्हंजे कुठंतरी चालतोय."

मला ते इतकं साधं कधी सुचलं नव्हतं. मी मोडलेल्यांमध्येच शोधत होते.

श्रावणातल्या उन्हापावसात आम्ही पुन्हा वर निघालो. या वेळी धुकं नव्हतं. डोंगरावरचा लाल ओरखडा उघडा पडला होता आणि त्याच्या कडांना गवत यायला लागलं होतं. ते कपाट त्या खाचरात नव्हतं, कुणी नेलं असेल. डॉक्टर दमानं चढत होते म्हणून मी पुढे गेले. वळणावर मला समोर एक माणूस दिसला. पाठमोरा, खांद्याला पिशवी, हातात काठी. चढताना त्याचं डावं पाऊल दर वेळी जरासं बाहेर पडत होतं.

मी थांबले. हाक मारायला नाव माहीत नव्हतं. पण तो चालला होता ते चालणं माझ्या इतक्या ओळखीचं होतं की क्षणभर मला त्याच्या कपड्यांच्या आतलं ते हाडच दिसलं. ऊन होतं, पक्षी ओरडत होते आणि मी मात्र डार्करूममध्ये उभी असल्यासारखी हलले नाही. मग पाऊस शिंतडला आणि मी भानावर आले. पाय उचलत त्याला गाठलं.

"वरच्या वाडीवर निघालात?"

तो हो म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला वाटलं आता आधी काय सांगायचं. मी विचारलं, "लहानपणी जांभळावरून पडला होतात तुम्ही?"

तो बघतच राहिला. घाबरल्यासारखा. मग मी घाईघाईनं सांगितलं, तुमची बायको बरी आहे, हात मोडला होता, बसवलाय, प्लास्टर आहे. तुमची आईही बरी आहे. दोघी शाळेत आहेत. तुमच्या पायाचं तिनंच मला सांगितलं.

तो वाटेतल्या दगडावर बसला. "आय पन?" त्यानं विचारलं.

"आईसुद्धा."

थोड्या वेळानं त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत माझ्या लक्षात आहे. "कापड्याला कळला घर गेला म्हनून. मानसांचा इचारला नाय कुनाला. इचारला असता तर सांगितला असता ना. म्हनून तसाच वर निघालू."

डॉक्टर मागून येऊन पोचले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या पायाकडे बघितलं आणि काही न विचारता आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. मग आम्ही तिघं मिळून चढलो. चालता चालता त्यानं सांगितलं की त्याची जीप घाट पार करून गेली आणि मागं सगळं कोसळलं. बहिणीचं दुखणं वाढलं होतं, तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. इकडे यायला रस्ता नाही, निरोपाला फोन नाही. बहीण उठून बसली तेव्हा तो जंगलातल्या जुन्या पायवाटेनं उतरायला निघाला. मधेच वाट चुकला, मेंढपाळांच्या पालात राहिला. इकडच्या दरडींचं त्याला उतरतानाच कळलं. तो सांगत होता आणि दर पावलाला काठी टेकत होता आणि मी त्याच्या एक पाऊल मागं राहून ऐकत होते.

शाळेच्या ओट्यावर बायका मदतीत आलेला तांदूळ निवडत बसल्या होत्या. ती त्यांच्यातच होती. तिनं वर बघितलं. सुपातला हात सुपातच राहिला. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"जेवलाव का?" तिनं विचारलं.

"नाय," तो म्हणाला.

ती उठली आणि आत गेली. सासू आतून बाहेर आली. मुलाच्या तोंडावरून हात फिरवील असं मला वाटलं होतं. पण ती वाकली आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत त्याच्या डाव्या पायावरून हात फिरवत गेली, सावकाश, जणू तो नुकताच झाडावरून पडलाय आणि कुठे मोडलंय ते तिला शोधायचंय.

आम्ही कामाला लागलो. ताडपत्री सोडली, जनरेटर सुरू केला, पुन्हा फोटो काढले. तिचा हात छान जुळत होता. म्हातारीचा खुबा मात्र तसाच होता. आता वाट सावरली होती म्हणून तिला खाली आणायचं ठरलं आणि पुढे तिचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन ती मग पुष्कळ वर्षं हिंडली. सगळ्यांचं झाल्यावर फिल्म उरल्या होत्या. तो समोर ओट्यावर बसला होता, पाय लांब करून. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मनात आलंय ना तुझ्या?"

"आलंय," मी म्हटलं. "पण कारण नाही."

"नाही," ते म्हणाले. "बऱ्या माणसाचा काढत नाहीत."

मी फिल्मचा डबा बंद केला.

पुढे भात कापून झाल्यावर ती दोघं महाडला हात दाखवायला आली. प्लास्टर कधीच निघालं होतं. मनगट पूर्ण वळत नव्हतं, पण विळा धरता येतो म्हणाली. खालच्या सपाटीवर पत्र्याची शेड मिळाली होती, वरची जमीन कसायला रोज चढून जात होते. वासराची आता चांगली गाय होईल, असंही सांगितलं. त्यानंतर मला ती दिसली नाहीत. आली असतील बाजाराला, पण गर्दीत आपण तोंडं बघत असतो.

पण मला जास्त आठवतो तो नवरा परतला त्या दिवसाचाच उरलेला भाग. आम्हाला जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि मदतीतल्या तांदळाचा भात. जेवण झाल्यावर सगळे वर्गात जमले आणि तो पलीकडच्या मुलखाच्या गोष्टी सांगायला लागला. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या, जंगलात ऐकलेल्या पाण्याच्या, बहिणीनं बरं झाल्यावर पहिल्यांदा काय मागितलं त्याच्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते. डोक्यावर ओल्या फिल्म हलत होत्या. बाहेर ऊन पडत होतं आणि उन्हातच पाऊस. त्याचा आवाज हळूहळू लांब गेला आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा अंगावर कुणाची तरी गोधडी होती. वर्ग रिकामा होता. ओट्याच्या पायरीवर डॉक्टर एकटेच बसले होते, पिशवी भरून, काठी शेजारी ठेवून.

"उठवायचं नाही का?" मी म्हटलं.

"घाई नव्हती," ते म्हणाले.

खाली खाचरांमधून बायकांचे आवाज येत होते. कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं आणि लांबून ओ येत होती. आम्ही वाट उतरायला लागलो.